मधलं नाव

हल्ली काय करता, असं कुणी विचारलं की मी आधी समोरच्याचा चेहरा बघते. ऐकून घ्यायला वेळ आहे का त्याला, की आपलं विचारायचं म्हणून विचारलंय? कारण उत्तर एका वाक्यात बसत नाही. मी नॉएडात बसून अमेरिकेतल्या मेलेल्या सैनिकांच्या नोकरीचे कागद वाचते. सेनापतींचे नाहीत, पदकवाल्यांचे नाहीत. स्वयंपाकी, ड्रायव्हर, टेलिफोनच्या तारा ओढणारे, चिखलातून चालत गेलेले साधे शिपाई. त्यांची मुलं आता स्वतःच म्हातारी झालीत, आणि आपला बाप लढाईत नेमका कुठे होता हे मरायच्या आत एकदा कळावं असं त्यांना वाटायला लागलंय. बापाने जिवंतपणी तोंड उघडलेलं नसतं. मग ही मंडळी आमच्या कंपनीला लिहितात. तिकडे आमचा एक माणूस आहे, तो सरकारी दप्तरखान्यात जाऊन कागद स्कॅन करून पाठवतो. इकडे आम्ही सहाजणी त्या कागदांतून माणूस उभा करतो आणि त्याचा अहवाल लिहून पाठवतो.

सरोजिनी नगरातल्या माझ्या जुन्या शेजारणीने हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "अगं बाई, आपल्याकडचे मेलेले काय संपले का?" म्हणाली. मी हसले, पण मला लागलं ते. लागलं कारण मला हे काम मनापासून आवडत होतं.

मी पस्तीस वर्षं दिल्लीत एका मंत्रालयाच्या आस्थापना शाखेत काढली. सर्व्हिस बुकं हा माझा प्रांत. कोण कधी रुजू झाला, कुणाची रजा कुठे अडकली, कुणाच्या जन्मतारखेत खाडाखोड आहे, हे मला पान उलटताना कळायचं. बाकीचे फाइल वाचायचे, मी फाइल हुंगायचे, असं आमचे एक साहेब म्हणत. निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सुटलं, नॉएडात फ्लॅटमध्ये राहायला आलो, आणि सहा महिन्यांत मी घरात सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटायला लागले. सगळ्यांच्या म्हणजे यजमानांच्याच, दुसरं घरात आहे कोण! शेवटी त्यांनीच पेपरातली जाहिरात दाखवली. "बघ, जुने कागद वाचणारी माणसं हवीत म्हणे. तुझ्यासारखं भूत दुसरं कुठे मिळणार त्यांना?"

गेले तर ते खरोखरच माझं काम निघालं. तिकडच्या फौजेच्या फायली ठेवल्या होत्या त्या इमारतीला पूर्वी कधीतरी मोठी आग लागली होती, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांच्या बहुतेक फायली त्यात जळाल्या. त्यामुळे माणूस तुकड्यातुकड्यांनी शोधावा लागतो. पगाराची यादी, इस्पितळाची नोंद, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे प्रत्येक कंपनीचा रोज सकाळचा अहवाल. त्यात फक्त बदल लिहिलेला असतो. काल ड्यूटीवर होता, आज आजारी. काल आजारी, आज ड्यूटीवर. काल ड्यूटीवर, आज ठार. एका ओळीत माणूस संपतो. आमच्याकडे शिपायाचा चष्मा मंजूर करायला चार पानं लागायची, म्हणून त्या एका ओळीची मला पहिल्यांदा फार चीड आली होती.

ती अमेरिकन बाई माझ्याकडे आली ती गेल्या वर्षी. आली म्हणजे तिचा अर्ज आला. वय एक्याऐंशी, एका लहान गावात एकटी राहणारी, मूलबाळ नाही. तिच्या आईचं आणि बापाचं लग्न झालेलं नव्हतं. तो फौजेत गेला तेव्हा ही पोटात होती. "तो लढाईवर गेला आणि परत आला नाही," एवढंच आई सांगायची, आणि ही नऊ वर्षांची असताना आईही गेली. पुढे मावशीने वाढवलं, मावशी त्या माणसाचं नावही काढू द्यायची नाही. आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात मागच्या पानावर त्याचं पूर्ण नाव आणि जिल्हा लिहिलेला होता. बस्, तेवढंच या बाईजवळ होतं. अर्जात 'आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे' अशी एक चौकट असते. लोक तिथे पानभर लिहितात. तिने एकच ओळ लिहिली होती. तो मेला, की आम्हाला सोडून गेला?

वाचून मी उठून पाणी पिऊन आले. ही केस मी दुसऱ्या कुणाला दिली नसती.

फाइल अर्थातच जळालेली. पण शोधता शोधता त्या जिल्ह्यात त्याच नावाचे दोन शिपाई निघाले. फौजेच्या कागदांवर मधलं नाव पूर्ण लिहीत नाहीत, नुसतं पहिलं अक्षर लिहितात. नाव तेच, आडनाव तेच, मधलं अक्षरही तेच. एकजण आघाडीवर पोचल्यावर तीन आठवड्यांत मेला होता. सकाळच्या अहवालात त्याची एक ओळ. दुसरा पळून गेला होता. एक दिवस विनापरवाना गैरहजर, दुसऱ्या दिवशीही गैरहजर, आणि मग पाच महिन्यांनी पॅरिसमध्ये एका खाणावळीत भांडी घासताना पकडलेला. त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं होतं. ते कागद वेगळ्या जागी असल्यामुळे आगीतून वाचले होते, चांगली ऐंशी-नव्वद पानं. शिक्षा झाली, पुढे कमी झाली, सुटून घरी गेला, लग्न केलं, लाकडाच्या गिरणीत नोकरी केली, म्हातारा होऊन मेला.

म्हणजे बाईच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं माझ्या टेबलावर होती. फक्त तिचा बाप कोणता, हे ठरवायचं होतं.

कोर्ट मार्शलच्या पहिल्याच पानावर, जवळचा नातेवाईक या रकान्यात, त्या पळपुट्याच्या वडिलांचं नाव होतं. आणि प्रार्थनेच्या पुस्तकात मधलं नाव म्हणून जे लिहिलं होतं, ते अक्षरशः हेच. अक्षरही इकडचं तिकडे नाही. सापडला! मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चहा मागवला.

आता लिहितानाही माझा हात अडतो. मला माहीत नव्हतं असं नाही हो. पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं की तिकडे मधलं नाव मामाचं असतं, आजोबांचं असतं, पाद्र्याचं असतं, कुणाचंही असतं. मी वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं ते. पण मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली बाई. तिथे हजेरी पूर्ण नावाने व्हायची, पोराच्या पाठोपाठ त्याचा बाप रोज वर्गात हजर व्हायचा. लग्नानंतर माझ्या नावात मध्ये यजमान आले. मंत्रालयातला हिंदी कारकून दरवेळी विचारायचा, "मैडम, ये बीच में कौन हैं?" आणि मी दरवेळी भडकायचे, "मेरे पति हैं, और कौन होंगे?" महाराष्ट्रातून आलेल्या कुणाचं सर्व्हिस बुक उघडलं की मधल्या नावावरून बाप कळायचा, त्यात शंका घ्यायचं कारणच नसायचं. पस्तीस वर्षं मी हेच केलं. माहिती वहीत राहिली आणि हात आपल्या सवयीने चालला. भरतीच्या वेळी भरलेलं एक कार्ड असतं, त्यावर पूर्ण नाव असतं. ते मागवायला आठ-दहा दिवस लागले असते. मी मागवलं नाही. कशाला मागवायचं? मला तर ठाऊकच होतं.

मी अहवाल लिहिला. फार जपून लिहिला. तो का पळाला असेल, त्याच्या तुकडीतली किती पोरं त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती, हे सगळं घातलं, की बाईला तो नुसताच भेकड वाटू नये. आणि शेवटच्या पानावर, कुणी सांगितलेलं नसताना, एक गोष्ट जास्तीची केली. त्या माणसाचा एक मुलगा हयात होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, शेजारच्या राज्यात राहणारा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्याचं नाव-गाव मी घातलं. बिचारी एकटी आहे, निदान सावत्र भाऊ तरी मिळेल, असं वाटलं मला. चांगुलपणाचा मोठा उमाळा आला होता ना!

बाईचं उत्तर आठवडाभराने आलं. "म्हणजे सोडून गेला. ठीक आहे. कळलं हे बरं झालं." मग महिनाभर काही नाही. आणि मग एक दिवस लांबलचक पत्र. तिने त्या सावत्र भावाला फोन केला होता. बाप फौजेत स्वयंपाकी होता एवढंच त्याला माहीत, पळाल्याचं तर गावीही नव्हतं. आधी तो चिडला, फोन ठेवून दिला. तीन दिवसांनी त्याने स्वतः केला. मग सहा तास गाडी चालवून तो तिला भेटायला आला. पत्रासोबत फोटो होता. ओसरीवर दोन पिकली माणसं शेजारी शेजारी बसलेली, मधल्या टेबलावर कसलातरी गोड पदार्थ. "आमचे कान बघा," तिने लिहिलं होतं, "अगदी सारखे आहेत."

मी बघितले. मलाही सारखे दिसले.

त्यानंतर तिची पत्रं येतच राहिली. कंपनीचं काम संपलं होतं, पण ती मलाच लिहायची. भावाने जिना दुरुस्त करून दिला. भावाच्या नातीने तिला व्हिडिओ कॉल करायला शिकवलं. एका पत्रात तिने लिहिलं की आपण बापाला माफ केलंय. सोपं गेलं नाही, रोज थोडं थोडं करत गेले, आता झालं. मी ते पत्र यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते मटार सोलत होते. "चला, म्हणजे तुझ्या खवटपणाचा कुणाला तरी उपयोग झाला," म्हणाले, पण डोळे पुसले त्यांनी.

उघडकीला कसं आलं, तर माझ्याच बढाईमुळे. ऑफिसात नवीन मुलगी आली होती, बुलंदशहरची, चोवीस-पंचवीसची, हुशार. तिला शिकवायचं काम माझ्याकडे. नमुन्याची केस म्हणून मी हीच फाइल उघडली. जेवणाची सुट्टी होत आली होती, मी रंगात आले होते. दोन माणसं, एकच नाव, सांग बरं कसं ओळखायचं? तिला येईना. मग मी अगदी थाटात ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "ये देखो, बीच का नाम. और ये, बाप का नाम."

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लेकिन मैम, ये लोग बीच में बाप का नाम थोड़ी लगाते हैं. लगाते हैं क्या?"

मी ते दोन्ही कागद उलटे करून ठेवले आणि खुर्चीत बसले. ती घाबरली, पाणी आणू का विचारायला लागली. मी म्हटलं, काही नाही, शुगर कमी झाली असेल, तू जेवून घे.

त्याच दुपारी मी भरतीची दोन्ही कार्डं मागवली. नऊ दिवसांनी आली. पळून गेलेल्या माणसाचं मधलं नाव वेगळंच होतं, फक्त पहिलं अक्षर तेच. आणि तीन आठवड्यांत मेलेल्या पोराच्या कार्डावर स्वच्छ, गोल अक्षरात, ते प्रार्थनेच्या पुस्तकातलं नाव पूर्ण लिहिलेलं होतं. मेलेल्यांची तिकडे एक वेगळी फाइल असते, ती मी आधी मागवलीच नव्हती. आता तीही मागवली. त्यात त्याच्या बापाने फौजेला लिहिलेलं पत्र होतं. मुलाच्या सामानात एका मुलीची पत्रं आली आहेत, ती आमची नाहीत, तिला परत करावीत. खाली त्या मुलीचं नाव आणि पत्ता. ती माझ्या बाईची आई होती.

तो कुणालाही सोडून गेला नव्हता. एकोणीस वर्षांचं पोर, खिशात तिची पत्रं घेऊन मेलं होतं. आणि मी त्याच्या मुलीला सांगितलं होतं की तो पळून गेला, म्हणून.

मी आमच्या मालकाकडे गेले. पोरगेलासा आहे, वाईट नाही. त्याने सगळं ऐकलं, दोनदा डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मैम, केस क्लोज है. क्लाइंट खुश है. क्यों छेड़ना?" मी म्हटलं, खुश आहे ती खोट्यावर. तो म्हणाला, "खुश तो है ना?" मला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण खरं सांगू का, बाहेर आले तेव्हा जरा हायसंही वाटलं. मालकानेच नको म्हटलं म्हणजे माझ्यावर नाही, असं काहीतरी पाजी मनात येऊन गेलं.

घरी सांगितलं तर यजमानांचंही तेच. "वयं काय त्यांची? ती एक्याऐंशी, तो चौऱ्याहत्तर. राहू देत की आता. भाऊ-बहीण म्हणून चार दिवस सुखाचे जातायत, त्यात तू तुझं सर्व्हिस बुक घेऊन कुठे जातेस?"

"अहो, पण तिने काय विचारलं होतं? मेला की सोडून गेला, एवढंच! आणि मी बरोब्बर उलटं सांगितलं."

"मग तिला आता काय मिळणार? बाप मेल्याचा आनंद?"

मी भांडले. खूप भांडले, जुनीपानी उणीदुणी काढली. ते गप्प बसून राहिले, कारण त्यांना कळलं होतं की मी त्यांच्याशी भांडत नाहीये. त्या रात्री जेवलं कुणी नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अकरा दिवस मी मेट्रोने ऑफिसला गेले, आले, दुसऱ्यांचे बाप शोधले, प्रत्येक नाव चारचारदा तपासलं, आणि बाईच्या पत्रांना 'वाचून आनंद झाला' अशी उत्तरं दिली. मला माझी शिसारी आली होती.

बाराव्या दिवशी तिचं पत्र आलं. भावाच्या नातीने गंमत म्हणून दोघांसाठी थुंकी तपासायच्या डब्या मागवल्यात. तिकडे हल्ली सगळे करतात, थुंकी पाठवली की नातेवाईक कळतात. "आम्हाला गरज नाही, आमचे कान आहेत," तिने लिहिलं होतं, "पण पोरीची हौस. पुढच्या रविवारी तो येईल तेव्हा दोघं मिळून पाठवू."

म्हणजे महिन्या-दीड महिन्यात एक परकं मशीन तिला ते सांगणार होतं. मी खरं सांगितलं ते धाडस करून नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय. घाबरून सांगितलं. मशीनच्या आधी आपण पोचावं, एवढंच.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. सरकारी मसुदे लिहून लिहून माझ्या हाताला एक खोड आहे, 'नजरचुकीने', 'अनवधानाने' असले शब्द आपोआप येतात. ते सगळे खोडले. मी लिहिलं की चूक माझी आहे. आमच्यात मधलं नाव बापाचं असतं, आणि मी तुमच्या बापाला माझ्या पद्धतीने शोधलं. तुमचा बाप तुम्हाला सोडून गेला नाही. सोबत तिच्या आजोबांचं पत्र जोडलं, आईच्या पत्त्यासकट. मालकाला सांगितलं नाही. काढून टाकलं तर टाकू दे म्हटलं.

नऊ दिवस काही नाही. मी फोनवर मेल उघडायचे आणि मिटायचे. भाजीत दोनदा मीठ पडलं, यजमानांनी मुकाट्याने खाल्लं.

उत्तर आलं ते पाचसहा ओळींचं. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. आजोबांचं पत्र मी उशाशी ठेवलंय. पण मला एक सांगा. मी त्याला माफ केलं होतं. चार महिने लागले मला, या वयात, होती नव्हती ती सगळी ताकद लागली. मग मी माफ कुणाला केलं?" आणि खाली, "डब्या मी पाठवल्या नाहीत. भावाला मी काही सांगितलेलं नाही. माझ्याने होणार नाही. तुम्ही तो मला दिलात, तुम्हीच त्याला सांगा." खाली त्याचा नंबर होता.

मी ते यजमानांना वाचून दाखवू शकले नाही. नुसता फोन त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी फोन लावला. तिकडे सकाळ होती. बाल्कनीचं दार लावून घेतलं, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून. पलीकडून मोकळा, मोठा आवाज आला. मी कोण ते सांगितलं तर खूशच झाला. "अरे, तुम्हीच का त्या भारतातल्या बाई! तुमच्याबद्दल ती सारखी बोलत असते." नाश्त्याला काय केलंय तेही सांगितलं त्याने. मी त्याला बोलू दिलं. जेवढं लांबेल तेवढं लांबू दिलं. मग सांगितलं.

पलीकडे नाश्त्याची बशी सरकवल्याचा आवाज आला.

"म्हणजे एका मुलीला टाकून आला तो माझा बाप नव्हे?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या वडिलांनी कुणाला टाकलं नाही."

"पण पळाला होता?"

"हो. ते खरं आहे."

"ते तरी खरं आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाई, मी त्याच्या थडग्यावर गेलो होतो. दोन तास गाडी चालवून गेलो. उभा राहून शिव्या दिल्या त्याला, तिच्या वतीने. आयुष्यात कधी त्याच्यासमोर आवाज चढवला नव्हता मी."

मला रडू यायला लागलं. मी सॉरी म्हटलं, परत म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायला गेले तर त्याने थांबवलं.

"रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे," तो म्हणाला. "तिची खिडकी नीट बसत नाही, ती बसवायचीय. जाऊ ना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"आणि दारात उभा राहिलो की तिला हाक काय मारू?"

"मला माहीत नाही," मी परत म्हटलं.

"पण तेव्हा तर तुम्हाला सगळं माहीत होतं ना?" तो म्हणाला. रागाने नाही. तो खरंच विचारत होता.